तुरीच्या फुलाचा पिवळा

धारूरपासून अंबाजोगाईपर्यंत रंगाची नजर माझ्याएवढी कुणाला न्हाई, असं मी स्टँडजवळच्या हॉटेलात चार माणसांत छाती ठोकून सांगितलं. सांगताना माझ्या एका पायात काळा मोजा व्हता आन दुसऱ्या पायात चॉकलेटी.

चहावाल्यानं कप ठेवता ठेवता खाली बघितलं. "काय बे, ही बी फॅशन हाय का?"

मी म्हणलो, हाय. माघार कावून घ्यायची? दुसऱ्या दिवशी तोच जोड परत घालून गेलो, म्हणजे लोकाला वाटावं मुद्दाम हाय. लोकाला काय वाटलं ते इथं सांगत न्हाई.

आता मी काय करतो ते सांगतो. खरं म्हणजे मी काही करत न्हाई, करती माझी बायको. आमचा लेडीज कपड्याचा ब्रँड हाय. ब्रँड म्हणजे काय, तर आमच्या धारूरच्या घरातल्या पुढच्या खोलीत मांडलेल्या मशनी आन कापायचं एक टेबल. ते टेबल म्हणजे माझ्या लग्नातला पलंग. बायकोनं त्याच्या पायाखाली विटा लावून त्याला कमरेएवढा उंच केला आन तवापासून मी खाली झोपतो. ती आधी गल्लीतल्या बायांचे ब्लाऊज शिवायची, मग कुर्त्या शिवायला लागली, मग कुर्तीच्या गळ्यात आतून नावाची पट्टी लावायला लागली. पट्टी लागली की ब्रँड झाला. माझ्या शर्टाला बी एक लावून घेतलती, तिनं उसवून टाकली. म्हणली, माल खराब दिसतो.

कापायचं काम बायको करती. शिवायचं मेन काम आमच्या गल्लीतल्या खालाकडं. खालानं बसवलेला गळा कधी वाकडा गेला न्हाई. तुरपाई आन बटणं शेजारच्या दोघी बघतात. माझ्याकडं फटफटीवर गठ्ठा बांधून दुकानात पोचवायचं काम. एकदा इस्त्रीला बी बसवलतं मला. त्या कुर्तीच्या पाठीवर अजून इस्त्रीचं टोक उठलेलं हाय, बायको ती घरात झाडलोट करताना घालती.

पण एवढा मोठा माणूस घरात बिनखात्याच्या मंत्र्यासारखा कसा ठेवायचा? म्हणून माझं मीच एक खातं घेतलं. रंगाचं.

झालं असं, की फोनमध्ये एक व्हिडिओ बघितला. गोल चष्म्याचा माणूस सांगत व्हता की कपड्याच्या धंद्यात सीझन सुरू व्हायच्या लई आधी सीझनचं कलर पॅलेट ठरवावं लागतं. मला शाळा लाभली न्हाई, वाचायला शिकलो ते दुकानाच्या पाट्या आन एसटीचे बोर्ड बघून. त्यामुळं पाटीवर न दिसलेला शब्द कानावर आला की मला लई भारी वाटतं. मी खोलीत येऊन जाहीर केलं, "आजपासून आपलं पॅलेट ठरणार."

खालानं मशीन थांबवली. "वो क्या रहता?"

"म्हणजे खाला, कोणत्या सीझनला कोणते रंग काढायचे ते आधीच ठरवायचं."

"वो तो हम हर साल करते."

"हौ, पण तुमी ते पॅलेट न करता करता."

खालानं बायकोकडं बघितलं, बायकोनं खालाकडं बघितलं, आन मशीन परत सुरू झाली. मी ते मंजुरी समजलो.

सुरतच्या एजंटाकडून शेड कार्ड येतं. जाड पुठ्ठ्याची घडी, त्यावर कापडाचे नखाएवढे तुकडे चिकटवलेले. ते कार्ड मी खिशात घालून फिरायचो. हॉटेलात, सलूनमध्ये, मयतीला गेलो तरी खिशात कार्ड. श्रावणाला हिरवा. त्यात काही डोकं लागत न्हाई, पण माझं लागलं. मी पोपटी मागवला आन बायांना पाहिजे व्हता चुड्याचा हिरवा. परीक्षेच्या दिवसांत अंबाजोगाईच्या कॉलेजातल्या पोरींसाठी फिक्के रंग ठरवले, अभ्यास करताना डोळ्याला त्रास नको म्हणून. परीक्षेच्या दिवसांत पोरी कपडे घेतच न्हाईत, हे मला परीक्षा झाल्यावर कळलं. नवरात्राला तर नऊ दिवसांचे नऊ रंग आधीच ठरलेले असतात, पेपरात येतात, तिथं मला काम शिल्लक न्हाई. तरी मी काम काढलं. राखाडी लई मागवला, कावून की मला वाटलं राखाडी दुसरं कुणी आणणार न्हाई. खरंच कुणी आणला न्हाई. घेतला बी न्हाई.

बायको हे सगळं सोसत व्हती, कारण आमचा माल तवा लई कुणाला दिसतच नव्हता. अंबाजोगाईच्या बाजारात आप्पांचं लेडीज कपड्याचं दुकान हाय. आप्पा म्हणजे कपाळाला भस्माचे पट्टे, अंगात पांढरा शर्ट, बोलणं एकदम थोडं. कापड अंगठा आन बोटात धरून चोळतात, मग मान हलवतात, न्हाईतर हलवत न्हाईत. त्यांच्या दुकानात आमची जागा सगळ्यात मागं, आरशापाशी, जिथं बाया कपडे घालून बघायच्या खोलीबाहेर नंबर लावून उभ्या असतात. आतली बाई बाहेर येईपर्यंत बाहेरची बाई येळ घालवायला आमच्या कुर्त्या चाळायची. तेवढंच आमचं गिऱ्हाईक.

दारासमोरचा पुढचा रॅक लातूरच्या एका कंपनीचा. दुकानात पाय ठेवला की डोळ्यात भरतो. बायको तिथं गेली की त्या रॅकसमोर उभी राहायची, माल बघायची न्हाई, नुसती लोखंडी नळी बघायची. घरी आल्यावर म्हणायची, "त्या नळीवर आपला माल लागला पायजे एकदा." गेली कैक वर्षं तिचं एवढंच मागणं. दागिना न्हाई, साडी न्हाई. मला बरं व्हतं, नळी काय मला आणून द्यावी लागत नव्हती.

आन मग दिवाळीचा हंगाम उतरल्यावर आप्पा एक दिवस बोलले. आमी दोघं माल द्यायला गेलतो.

"ताई, संक्रांतीला पुढचा रॅक तुमाला देतो."

बायकोनं वळून नळीकडं बघितलं.

"चालला माल, तर पाडव्यापर्यंत तुमचाच. न्हाई चालला, तर लातूरवाला तयारच बसलाय. मग मात्र आरशापाशी बी जागा न्हाई. मागं आता मला पर्स ठेवायच्यात."

म्हणजे एकतर पुढं, न्हाईतर बाहेर. येताना फटफटीवर बायकोनं माझा शर्ट मुठीत धरलता. एरवी ती मागचं कॅरिअर धरती.

रस्त्याच्या दोन्ही बाजूला तूर फुलावर आलती. ऊन कलतीला, सगळं रान पिवळंधम्मक. मी गाडी थांबवली. खिशातलं शेड कार्ड काढून रानाच्या समोर धरलं.

"हा."

"काय हा?"

"संक्रांतीचा रंग. पिवळा. तुरीच्या फुलाचा."

"आवो, संक्रांतीला काळं लागतंय लोकाला. काळं आणा."

"काळं सगळेच आणतात."

"सगळेच आणतात कावून की सगळेच घेतात."

मग मी आवाज वाढवला. म्हणलो, पुढच्या रॅकवर जायचंय ना? मग समोरून काळा काळा डोंगर दिसला पायजे का सूर्य दिसला पायजे? काळ्या दुकानात पिवळं किती उठून दिसंल! ती म्हणली, निदान निम्मं तरी काळं घ्या. मी म्हणलो, पॅलेट बिघडतं. आन तिथंच, तुरीच्या बांधाला उभं राहून एजंटाला फोन लावला.

एजंट एवढा गोड बोलला, एवढा गोड बोलला, की मला वाटलं माझी कीर्ती सुरतपर्यंत गेली. म्हणला, "पिवळा? अरे वा, कितीबी घ्या! पिवळा लई पडलाय आपल्याकडं. दुसरे रंग वाट बघायला लावतील, पिवळा उद्याच टाकतो गाडीवर."

पिवळा त्याच्याकडं एवढा कावून पडला असंल, हे इचारायचं माझ्या डोक्यात आलं न्हाई. मी बायकोला डोळा मारून म्हणलो, "बघ, आपला वट."

कापड आलं. खोटं कशाला बोलू, कापड झकास व्हतं. बायकोचा राग सुद्धा कापड उलगडल्यावर निम्मा गेला. तिनं गळ्याला बारीक पांढरी टाक्याची नक्षी काढली, बाहीला तीच. खालानं एक कुर्ती उजेडात धरली. "रंग तो अच्छा है भाई. पर संक्रांत कू?"

"खाला, तुमाला आमच्या संक्रांतीचं काय कळतंय?"

"हौ, मेरेकू क्या. मैं तो लगन होके आई तबसे तुम्हारे सणां के कपडे सीतूं."

मी फटफटीवर गठ्ठे बांधले. आप्पा तवा देवदर्शनाला बाहेरगावी गेलते, दुकानातल्या पोरींनी माल लावून घेतला. पुढचा रॅक या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळा. बायको रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभी राहिली आन तिथून दुकानात बघत बसली. मी म्हणलो, चल आता. म्हणली, थांबा जरा.

सण तोंडावर आला, बाजार भरला, आन पहिल्या दिवशी एक कुर्ती गेली न्हाई. बाया दारातून आत यायच्या, रॅकसमोर पाय थांबायचा, आन अंगावर पाल पडल्यासारख्या बाजूला सरकून मागं जायच्या. दुसऱ्या दिवशी बी तेच. तिसऱ्या दिवशी आप्पांचा फोन. "परत आलोय. दुकानात या."

गेलो. आप्पा रॅककडं तोंड करून बसलते.

"यंदा संक्रांत काय नेसून आलीय, इचारलं का कुणाला?"

आता आपल्याकडं सगळ्याला माहीत हाय, मला बी माहीत व्हतं, फक्त त्या येळेला आठवलं नव्हतं. दर सालची संक्रांत कशावर तरी बसून येती, हातात काहीतरी घेऊन येती आन अंगावर कोणत्या तरी रंगाचं नेसून येती. पंचांगात लिहिलेलं असतं. ती ज्या रंगाचं नेसून येती, तो रंग बाया त्या साली अंगाला लावत न्हाईत. हळदी-कुंकवाला तर न्हाईच न्हाई. सण जवळ आला की ही बातमी देवळातून निघती, गिरणीवर जाती, गिरणीवरून फोनमध्ये जाती, आन मग कुणाच्या बापाला थांबत न्हाई.

"काय नेसलीय?" मी इचारलं. उत्तर रॅकवरच लटकत व्हतं.

"वाघावर बसलीय," आप्पा म्हणले. "आन पिवळं नेसलीय."

सुरतचा एजंट एवढा गोड कावून बोलला ते तवा माझ्या ध्यानात आलं. त्या गुजरात्यानं आपलं पंचांग बघितलतं, आन मी मराठवाड्यात जन्माला येऊन तुरीची फुलं बघत बसलो.

पण मी हरणारा न्हाई. म्हणजे मी रोज हरतो, पण मला ते उशिरा कळतं. मी म्हणलो, आप्पा, आजचा दिवस मला दुकानात बसू द्या. आन रॅकपाशी स्टूल टाकून बसलो. एक बाई आली, मुलीला घेऊन. मुलीनं कुर्तीला हात लावला, आईनं तो हात तिथल्या तिथं ओढला.

"ताई, घ्या की," मी म्हणलो. "हा काय पिवळा न्हाई."

"मग काय हाय?"

"बेसनी."

"बेसन कोणत्या रंगाचं असतंय ओ तुमच्याकडं?"

मुलगी हसली. मी दुसरीला तोच रंग मोहरीचा म्हणून सांगितला, तिसरीला सोन्याचा म्हणून. एका म्हाताऱ्या बाईला मी शास्त्र सांगायला लागलो, की मावशी, ही सगळी अफवा असती. ती म्हणली, "असंल बाबा. मग तुझ्या बायकोला घाल की ही. का तिला घालायची न्हाई?"

आता बायकोनं अंगाला पिवळं लावलं नव्हतं हे खरं. तिला इचारायची माझी हिंमत बी नव्हती. पण मला वाटलं, गडी माणसाला कुठं काय व्हतंय? घरी आलो, उरलेल्या तुकड्यातून खालाकडून एक शर्ट शिवून घेतला. खाला शिवताना एवढंच म्हणली, "कॉलर कडक रखूं?" मी म्हणलो, लई कडक. दुसऱ्या दिवशी तो घालून, ताठ मानेनं अंबाजोगाईला गेलो. बेत असा, की दिवसभर पिवळा शर्ट घालून दुकानासमोर हिंडायचं. लोकं बघतील, मला काही व्हत न्हाई, भीती जाईल, माल जाईल.

दुकानासमोर फटफटी उभी केली. स्टँड लावला. स्टँड लागला न्हाई. गाडी कलली, गाडी धरायला मी वाकलो, आन गाडीसकट शेजारच्या हातगाड्यावर गेलो. हातगाडा वाणाच्या सामानाचा. हळदी-कुंकवाचे करंडे, प्लास्टिकच्या वाट्या, आरसे, कंगवे, सगळं मांडलेलं, आन भवती खरेदी करणाऱ्या बाया. मी पडलो तो हळदीच्या पुड्यांवर. पुड्या फुटल्या. शर्ट आधीच पिवळा, आता तोंड बी पिवळं.

कुणी उचलायला आलं न्हाई. आधी सगळ्यांनी शर्ट बघितला.

"बघा," एक बाई म्हणली. "सांगतच व्हते ना मी?"

सण तोंडावर, बाजार भरलेला, आन त्या भरल्या बाजारात माझ्याइतका पक्का पुरावा दुसरा कोणता? घटकाभरात गोष्ट अशी झाली, की पिवळं घातलेल्या एका माणसाचा पाय मोडला. दुपारपर्यंत माणूस दवाखान्यात गेला. एक बाई माझ्यासमोरच दुसरीला सांगत व्हती, की बिचारा सीरियस हाय.

आप्पांनी मला मागच्या दारानं आत घेतलं. "आधी तो शर्ट काढा."

"आप्पा, आत बनियन फाटका हाय."

"काढा म्हणलं ना."

काढला. थंडीचे दिवस. दुकानात लेडीज मालाशिवाय काही न्हाई. आप्पांनी बाजूच्या कपड्याच्या स्टँडवरून लातूरच्या कंपनीची काळी कुर्ती काढून दिली. गळ्याला आरसे, बाही पाऊण, मोठ्यातला मोठा साईज. मी ती घातली. मग आप्पा बोलले, आन त्यांचा आवाज वाढला न्हाई हेच वाईट.

"शनिवारी सकाळी या रॅकवर दुसरा माल लागला पायजे. न्हाई लागला, तर दुपारी मी लातूरला फोन करणार. ताईला सांगा, माझा इलाज न्हाई."

धारूरला येईपर्यंत उन्हात गळ्याचे आरसे चमकत व्हते, समोरच्या गाड्या बाजूला व्हत व्हत्या. हॉटेलासमोरून जाताना चहावाला बाहेरच उभा.

"काय बे, मोजे बदललेस वाटतं!"

घरी बायकोला सगळं सांगितलं. वाटलं ओरडंल, भांडंल, पलंगाच्या विटा फेकून मारंल. तिनं माझ्या अंगावरच्या कुर्तीची कड उलटी करून शिलाई बघितली, कापड चोळून बघितलं. म्हणली, "आपल्यापेक्षा हलकं हाय." मग गळ्यातली मापाची टेप काढली आन खिळ्याला अडकवली. भर दिवसा. ती टेप जेवताना बी तिच्या गळ्यात असती. मी कैकदा बघितलंय, देवाला हात जोडताना बी असती. ती भिंतीला टेकून खाली बसली आन पायाच्या बोटाकडं बघत राहिली.

मला एखादा इनोद सुचतोच अशा येळेला. तवा सुचला न्हाई.

खालाची मशीन चालूच व्हती. धागा तोडून ती म्हणली, "इत्ता मुँह कायकू उतार के बैठे? माल जल गया क्या?"

बायको म्हणली, "जळाल्यासारखंच हाय खाला. यंदा पिवळं कोण घेणार?"

"हम लेंगे."

आमी दोघं बघायला लागलो.

"मेरी भानजी का लगन है, युसूफ वडगाव में. हल्दी के दिन हमारे घर की सब औरतां पीला पहनते. दुल्हन, बहनां, फूफियां, सब. चार दिन से केज का बाजार छान मारे, किसी दुकान में पीला नहीं. दुकानदार बोलते, इस साल मंगाया इच नहीं." मग तिनं माझ्याकडं बोट केलं. "तुम्हारी संक्रांत हमकू कायकू लगती?"

"खाला, मग एवढे दिवस बोललात कावून न्हाई?"

"मेरेकू क्या मालूम बिका नहीं? तुम तो रोज आके बोलते, धडाधड जा रहा."

हे खरं व्हतं. घरी येऊन मी तेच सांगत व्हतो.

दुसऱ्या दिवशी दुकानातला सगळा माल काढला आन बायको आन खाला टमटमनं युसूफ वडगावला गेल्या. फटफटीवर गठ्ठा बांधू का म्हणलो, तर दोघी एका तोंडानं न्हाई म्हणल्या. मला घरी ठेवलं, मशनींना तेल घालायला. मी तेल घातलं आन एका मशनीत जास्तीचं घातलं, ती पुढं दोन दिवस कापडावर डाग पाडत व्हती.

सांजच्याला त्या परत आल्या. गठ्ठा नव्हता. नवरीच्या घरच्यांनी घेतलं, शेजारपाजाऱ्यांनी घेतलं, वडगावातल्या एका कापडवाल्यानं उरलेलं उचललं, त्याच्याकडं अजून दोन लग्नांची मागणी व्हती. येताना दोघी अंबाजोगाईवरून काळ्या कापडाचे तागे घेऊन आल्या, पांढऱ्या बारीक खडीच्या छापाचे. बायकोनं खिळ्यावरची टेप काढून गळ्यात घातली आन तागा पलंगावर उलगडला.

त्या दोन दिवसांत आमच्या घरात स्वयंपाक झाला न्हाई. शेजारच्या दोघी, त्यांच्या जावा, सगळ्या बसल्या. मला बी वाटलं आपला हातभार लागावा. मी म्हणलो, "काळ्यावर एक बारीक पिवळी किनार लावली तर? उठून दिसंल."

सगळ्या मशनी एकदम थांबल्या. मी चहा करायला गेलो.

शनिवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी आमी दारात व्हतो. पुढचा रॅक या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा झाला, काळ्यावर चांदण्यासारखी खडी. भोगीच्या दिवशीच निम्मा रिकामा झाला. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बायांचं हळदी-कुंकू चालतं, तोपर्यंत बायको दोनदा माल भरून आली. लोखंडी नळी तिला परत दिसायला लागली म्हणून एवढी खूश झालेली बाई मी पहिल्यांदा बघितली.

त्याच दिवसांत खालाच्या भाचीची हळद झाली. आमाला बोलावणं व्हतं. मांडवात गेलो तर काय सांगू! सगळा मांडव पिवळा. बाया पिवळ्या, पोरी पिवळ्या, गळ्याला आमची पांढरी नक्षी. तुरीचं रान मांडवात आल्यासारखं. एक म्हातारे चाचा म्हणले, "किसने निकाला भाई ये रंग? बहुत उम्दा." मी घसा साफ केला. म्हणलो, तसं आपणच. महिनाभर आधीच ठरवलतं. लांबचं बघावं लागतं या धंद्यात. चाचांनी मला बिर्याणी जास्तीची वाढायला लावली.

त्या बिर्याणीवर मी पुढं बरेच दिवस फुगून व्हतो. खोटं वाटंल, पण मला हळूहळू खरंच वाटायला लागलं की मी पिवळा लग्नासाठीच काढलता. संक्रांतीचं बायकोला उगाच वाटलं.

रथसप्तमी झाल्यावर आप्पांनी दोघांना बोलावलं. रॅक जवळजवळ मोकळा व्हता. आप्पा बायकोला म्हणले, "ताई, पाडव्यापर्यंत रॅक तुमचा. लातूरवाल्याला मी कळवून टाकलंय."

बायकोनं पदर डोळ्याला लावला. मला वाटलं, आप्पांनी आता रंगाचं काय ते मला इचारायला पायजे, एवढा तर माझा मान हाय. त्यांनी इचारलं न्हाई, तरी मी खिशातलं शेड कार्ड काढलं आन काउंटरवर उलगडलं.

"आप्पा, पाडव्याचं पॅलेट माझ्या डोक्यात तयार हाय. पिवळ्याचं बघितलंच तुमी. लोकं नावं ठेवत व्हते, शेवटी एक कुर्ती उरली का? न्हाई उरली. आता या टायमाला आपण हा धरू." मी बोट ठेवलं. वांग्याच्या रंगावर. "हा एकच. सगळ्या रॅकवर. गुढीच्या शेजारी किती उठून दिसंल!"

आप्पांनी चष्मा लावला, कार्ड जवळ ओढलं, वांग्याच्या तुकड्यावर पेननं फुली मारली आन कार्ड बायकोच्या हातात दिलं. मग माझ्याकडं वळून म्हणले,

"तुमी एक काम करत जा. दर सीझनला तुमाला कोणता रंग आवडला ते मला आधी सांगत जा. तेवढा सोडून बाकीचे लावतो."